बूट चावतो का?

३ एप्रिल

खोकी आली. आग्रा रोडवरच्या दुकानात मावली नाहीत म्हणून निम्मी इथे, देवपूरला, घरी. बैठकीतला सोफा दिसेनासा झालाय. पाहुण्यांना आता बुटांवर बसवायचं.

अर्पितने पापाजींना न विचारता ऑर्डर दिली — लग्नाला चार वर्षं झाली, नवऱ्याचं हे एवढं एकच शौर्य पाहिलं. बुटाचं नाव 'बास्केट-८६'. म्हणजे शहाऐंशी साली अमेरिकेत बास्केटबॉल खेळणारे घालायचे तसे दिसणारे. घालायचे मात्र आत्ता. धुळ्यात. एप्रिलमध्ये.

पापाजींनी एक बूट उचलला, सोल वाकवून पाहिला, नाकाशी नेला. चाळीस वर्षं चपला-बूट विकून आपल्याला वासावरून माल कळतो, असं सासरेबुवांचं म्हणणं आहे.

"हे रेट्रो म्हणजे काय?"

"जुनी फॅशन परत आलीय, पापाजी."

"जुनंच पाहिजे होतं तर आपल्या माळ्यावर ढीग पडलाय. तोच पुसून द्यायचा."

एका वाक्यात कंपनीची सगळी जाहिरात संपली.

मला काम मिळालंय. दुकानाच्या इन्स्टाग्रामवर मराठीत रील करायची — बुटाचे फायदे आणि तोटे. "प्रामाणिक वाटली पाहिजे," अर्पित म्हणाला. वाटली पाहिजे. असली पाहिजे, असं काही तो म्हणाला नाही. मीच का, तर जळगावला कॉलेजच्या टीममध्ये खेळले होते. सावद्याच्या मारवाड्याची मुलगी हाफ पॅन्ट घालून बास्केटबॉल खेळते म्हणून तेव्हा सगळे नातेवाईक हळहळले. आता तेच 'आमच्या एक्सपर्ट' म्हणून विकायचं!

५ एप्रिल

दिवसभर घरात बूट घालून वावरले. मम्मीजी — सासूबाई — स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. "बिंदणी, इथून पुढे नाही." बिंदणी म्हणजे मारवाडीत सून. एक्सपर्टची हद्द ठरली.

चांगलं आधी. दिसतो झकास. पांढऱ्यावर लाल पट्टी, जाड सोल, घोट्याच्या वर चढणारी मान. स्वतःचा पाय कुणातरी मोठ्या माणसाचा वाटायला लागतो. अठराशेत एवढा रुबाब. नावाजलेल्या कंपनीचा असाच बूट नऊ-दहा हजारांना पडतो, आणि लांबून दोन्ही सारखेच दिसतात. धुळ्यात सगळे लांबूनच बघतात. शिवण सरळ आहे. आणि चामडं नाही, रेक्झिन आहे. आमच्या जैन दुकानात चामडं येतच नाही. कंपनीने पैसे वाचवायला लावलेलं रेक्झिन आमच्याकडे धर्म म्हणून खपेल.

आता वाईट. पायाला वरवंटा बांधल्यासारखं वजन. आत वारा शिरत नाही. दुपारी मोजा काढला तर तो पिळण्याच्या लायकीचा. आणि टाचेमागची कड — टणक, धारदार, हटवादी. संध्याकाळपर्यंत दोन्ही टाचा लाल, डावीला फोड. हे घालून ते अमेरिकेतले लोक उड्या मारायचे? त्यांचे बूट चामड्याचे असणार. किंवा टाचा.

६ एप्रिल

सकाळी चेंडू घेऊन इथल्या कॉलेजच्या कोर्टवर गेले. सिमेंटचं मैदान, रिंगला जाळी नाही. पळत आले, थांबायला गेले — मी थांबले, बूट थांबला नाही. जरा धूळ असली की सोल घसरतो. उडी मारून खाली आले तर टाचेतून निघालेला ठणका दाढेपर्यंत पोचला. पलीकडे क्रिकेट खेळणारे खेळ थांबवून बघत होते.

थोडक्यात — बास्केटबॉलचा बूट. बास्केटबॉल सोडून कशालाही चालेल.

७ एप्रिल

वरचं वाक्य रीलमध्ये जसंच्या तसं बोलले. अर्पितने रील पाहिली. परत पाहिली. मग म्हणाला, "रिद्धी, तोटे जरा फायद्यांसारखे सांगता येतील का?"

"म्हणजे कसे?"

"म्हणजे जड आहे असं नाही म्हणायचं. दणकट आहे म्हणायचं."

घसरतो म्हणजे चपळ. गरम होतो म्हणजे ऊबदार. चावतो म्हणजे काय, ते त्याला सुचलं नाही. मला सुचलं होतं — पायाशी एकनिष्ठ. सांगितलं नाही, वापरलं असतं त्याने.

८ एप्रिल

टाचेचा फोड फुटला. नवऱ्याचा भ्रम अजून शाबूत.

१० एप्रिल

महावीर जयंती. मिरवणूक रेंगाळत रेंगाळत ऊन तापेपर्यंत चालली. आमच्याकडच्या पुष्कळ बायका अनवाणी. डांबर एवढं तापलेलं की सगळ्या सावलीच्या कडेने उड्या मारत चालल्या होत्या, मी सगळ्यांत पुढे. मम्मीजी मात्र रस्त्याच्या मधोमध, डोक्यावर पदर, एका चालीने. चेहऱ्यावर आठीसुद्धा नाही.

बायका म्हणाल्या, "लाडकुंवरबाईंची श्रद्धा बघा." मग माझ्याकडे पाहिलं. माझीही श्रद्धा बघून झाली.

१२ एप्रिल

आज एक शोध लागला. मम्मीजींची चप्पल पाहिली. रोज पाहते, आज पाहिली. प्लास्टिकची, अंगठा झिजून आरपार, एक पट्टा तारेने बांधलेला. चपलांच्या दुकानावर उभं राहिलेलं हे घर! विचारलं तर म्हणाल्या, "विकायला आलेला माल घरी कशाला मोडायचा? जे खपत नाही ते मी घालते." म्हणजे चाळीस वर्षं त्या खपत नाही ते घालतायत. पापाजी दर दिवाळीला त्यांना साडी घेतात. पायांपर्यंत नजर जात नसावी.

मी खोकं उघडलं. सहा नंबर. त्या नको नको म्हणाल्या आणि बसल्या. मी लेस बांधली. उभ्या राहिल्या, साडी दोन बोटं वर उचलली, खाली पाहिलं. मग सोफ्यावरच्या खोक्यांना वळसा घालून आल्या. मग परत एक वळसा.

"पोलिसासारखं वाटतं," म्हणाल्या.

काढायला लागले तर पाय मागे घेतला. "राहू दे थोडा वेळ."

१४ एप्रिल

सकाळी पांझरेच्या काठच्या रस्त्यावर दोघी फिरायला. बांधणीची साडी, डोक्यावर पदर, खाली लाल पट्टीचे बास्केटबॉलचे बूट. एक आजोबा सायकलवरून उतरून बघत राहिले. मम्मीजींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. लग्न होऊन धुळ्यात आल्यापासून या रस्त्याने पायी पहिल्यांदाच आले, म्हणाल्या. मंदिर, घर, लग्नाचे हॉल, तेही मोटारीतून. "पाय दुखतील म्हणून पापाजी नको म्हणायचे."

"दुखतायत?"

"काही नाही. ढगावर चालल्यासारखं वाटतं."

माझ्या डाव्या टाचेला अजून पट्टी आहे. एवढी मऊ बाजू या बुटाला असेल असं वाटलं नव्हतं.

१५ एप्रिल

अर्पितने काय करावं? आम्ही परत येताना फाटकात मोबाइल धरून उभा. रील पंधरा सेकंदांची. मम्मीजी चालत येतात, तो विचारतो, "मम्मी, बूट चावतो का?" मम्मीजी कॅमेऱ्याकडे बघून गंभीरपणे म्हणतात, "नाही. अजिबात चावत नाही." आणि आत निघून जातात.

कॉलेजची टीम, कोर्ट, चेंडू, माझं सगळं ज्ञान — कचऱ्यात. एक्सपर्ट बदलली.

१७ एप्रिल

जळगावहून मावससासूंचा फोन, भडगावहून कुणाचा तरी, सावद्याहून माझ्या आईचा. सगळ्यांनी रील पाहिली. आई म्हणाली, "तुझ्यापेक्षा त्याच छान बोलल्या." आभारी आहे.

१९ एप्रिल

दुकानात उभं राहायला जागा नाही. पोरं येतात, "ते आजीवाले बूट द्या" म्हणतात. ते तर येणारच. पण बायकाही येतायत — चाळिशीच्या, पन्नाशीच्या, टाचा दुखणाऱ्या. "तुमच्या सासूबाईंना चावत नाही ना, मग द्या." कापडण्याच्या यशोदाबाई म्हणून एक आल्या, नऊवारी साडी, बूट हातात घेऊन उलटा-सुलटा केला. "बाई, हाऊ बूट कितलाना शे?" घेतलाच त्यांनी.

पापाजी गल्ल्यावरून प्रत्येकाला सांगतात — "माल मी वास घेऊन पारखला होता." अर्पित शेजारी उभा राहून मान डोलावतो. सतरा तारखेपर्यंत तो मूर्ख होता, आता पापाजींचा मुलगा आहे.

मी सगळ्यांना हळूच सांगते की मोजे जाड घाला, टाचेला पट्टी लावा. अर्पित ऐकतो आणि घसा खाकरतो. आज म्हणाला, "तुझ्याच टाचा नाजूक आहेत. मम्मी रोज घालतेय, तिला काही होत नाही."

खरंच होत नाही. मुलाचा धंदा चालावा म्हणून त्या सोसतात, अशी मला शंका होती. म्हणून आज परत विचारलं, एकट्या असताना. "खरं सांगा." त्या म्हणाल्या, "आईशप्पथ."

२२ एप्रिल



मम्मीजी फिरून आल्या, पाटावर बसल्या. लेसला गाठ बसली होती, म्हणून आज ती मी सोडली. पांढरा मोजा मागच्या बाजूने तपकिरी, कडक, आणि मधोमध ओला लाल. मोजा निघेना. चिकटला होता. पाणी टाकून टाकून काढला. डाव्या टाचेमागे रुपयाएवढी कातडीच नाही. उजवीला तसंच, जरा लहान. वास येत होता. माझ्या टाचेला जिथे फोड आला, बरोब्बर तिथे.

मी ओरडलेच बहुतेक. त्या मला विचारतात, "काय झालं? तुला लागलं का?"

वाकून स्वतःची टाच बघायला गेल्या. दिसली नाही. मी मोबाइलमध्ये फोटो काढून दाखवला. बराच वेळ पाहिला त्यांनी. म्हणाल्या, "हा माझा पाय आहे?"

२३ एप्रिल

डॉ. ज्योत्स्नाबाईंकडे. शुगर मम्मीजींना बारा-पंधरा वर्षं आहेच. गोळी चालू, दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासतात, पापाजी रिपोर्ट वाचून "ठीक आहे" म्हणतात. पाय कुणी पाहिले नव्हते.

डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. मग पायाच्या बोटांना एकेक करून बोट लावलं, अगदी हलकं, न दाबता. "हात लागला की सांगा." मम्मीजी शाळेतल्या मुलीसारख्या लक्ष देऊन बसल्या. डॉक्टरांचं बोट अंगठ्यावर होतं तेव्हा गप्प. कुठेच नव्हतं तेव्हा म्हणाल्या, "आता. करंगळी." उत्तर चुकू नये म्हणून अंदाजाने सांगत होत्या.

साखरेने नसा बधिर होतात, डॉक्टर म्हणाल्या. खडा टोचला, चटका बसला, बूट चावला — मेंदूपर्यंत निरोपच जात नाही. त्यातून जखम, जखमेतून पुढचं सगळं. पुढचं सगळं त्यांनी सांगितलं. ते लिहीत नाही. मी मिरवणुकीतलं सांगितलं. त्यांनी तळपाय उजेडाकडे वळवले. जुने भाजल्याचे डाग.

"वेळेत आलात," म्हणाल्या. रोज ड्रेसिंग, पायावर शक्य तेवढा कमी भार, उठताना मऊ रबराची, शुगरवाल्यांसाठी असते ती चप्पल. ती आमच्या दुकानात नाही. औषधांच्या दुकानात मिळाली. सगळ्यांनीच तपासून घ्या, असंही म्हणाल्या; बोट लावायची ती परीक्षा घरीसुद्धा करता येते. पापाजी म्हणाले, "मी घोड्यासारखा आहे," आणि पार्किंगकडे निघून गेले.

ढगावर चालल्यासारखं वाटतं, म्हणाल्या होत्या. मी त्या दिवशी इथे लिहिलं आणि बुटाची मऊ बाजू म्हणून सोडून दिलं.

२४ एप्रिल

रील काढून टाक म्हटलं. अर्पित म्हणाला — "रिद्धी, रीलमध्ये ती खोटं थोडीच बोलली? तिला चावलाच नाही."

"त्या बायका बूट घेतायत अर्पित, शुगरवाल्या बायका."

"प्रत्येकीला थोडीच शुगर असते."

पापाजी: "घरातलं दुखणं घरात राहू द्या. हळूहळू लोक विसरतात." मी मोबाइल उघडला, दुकानाचं खातं उघडेना. पासवर्ड बदललेला. चपळ आहे माझा नवरा. घसरतो म्हणायचं नाही.

२५ एप्रिल

बोललो नाही कुणी कुणाशी. खोक्यांच्या भिंतीचा उपयोग झाला.

२६ एप्रिल

मम्मीजींना भांडण कळलं होतंच. पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या, मी ड्रेसिंग करत होते. म्हणाल्या, "बिंदणी, मी खोटं बोलले का गं?"

"नाही. तुम्हाला कळत नव्हतं."

"मग लोकांना कसं कळणार?"

अर्पितला हाक मारली. मोबाइल आण म्हणाल्या. पापाजी पेपर वाचत होते, तो खाली ठेवला. "बाजारात आता घरच्या बाईचे पाय दाखवायचे का?"

मम्मीजींनी आवाज चढवला नाही. या घरात त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. म्हणाल्या, "बाजारात तर तुम्ही मला उभं केलंच. माल खपला तेव्हा पाय घरचे नव्हते?"

पापाजींनी पेपर परत उचलला. उलटा.

अर्पितने रेकॉर्ड केलं. एकाच दमात बोलल्या, पदर सारखा करून, पट्टी बांधलेला पाय पुढे ठेवून. "मी मागे म्हणाले बूट चावत नाही. बूट चावला होता. मला कळलं नाही, कारण मला शुगर आहे आणि माझे पाय बधिर झालेत. बूट दिसायला चांगला आहे. तरुण पोरांनी घ्यावा, जाड मोजे घालावेत. शुगर असेल त्यांनी घेऊ नये. घेतला असेल तर परत आणून द्यावा. आणि घरी गेल्यावर आधी आपले पाय बघावेत. दिसत नसेल तर सुनेला सांगावं." थांबल्या. "सुनेचेही बघावेत."

मला वाटलं अर्पित कापाकापी करेल. त्याने एक शब्द कापला नाही. तिथेच उभं राहून टाकली. मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ पाणी पीत होता. त्याची आई आहे, हे अधूनमधून विसरायला होतं मला.

२८ एप्रिल

चेष्टा झालीच. "आता आजींना हॉकीचे बूट द्या" वगैरे. एका दुकानदाराने फोन करून पापाजींना सहानुभूती दाखवली, म्हणजे हसला. काही जोड परत आले. पापाजी ते परत घेत होते, खोक्यात नीट कागद लावून ठेवत होते.

पण दुपारी यशोदाबाई आल्या. बूट परत करायला आल्या असतील असं वाटलं. बूट पिशवीतच ठेवले, बूट घालून बघायच्या बाकावर बसल्या, चप्पल काढली. "बाई, मना पाय बी तुमनी सासूना मायक बधिर शेतस. माले बी देखी द्या."

मी डॉक्टर नाही म्हटलं. तरी बसून राहिल्या. मग दाराला पडदा लावून केलं, डॉक्टरांनी केलं तसं. डोळे मिटा, हात लागला की सांगा. दोन बोटांना कळलं, बाकीच्यांना नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. जाताना म्हणाल्या, "बूट नातूले देसू. त्याना पायले बठ्ठं कळस."

मागे बघते तर आणखी तिघी चपला काढून उभ्या.

३० एप्रिल

जखम कोरडी पडतेय. डॉक्टर खूश. मम्मीजी घरात नव्या चपलेत फिरतात. करड्या रंगाची, बेढब, हत्तीच्या पायासारखी. "ही कोणत्या सालची फॅशन?" विचारतात.

अर्पितने तसल्या चपलांची चौकशी केली. या वेळी पापाजींना विचारून. पापाजींनी वास न घेता हो म्हटलं.

दुकानात दिवसभर बायका. विकलं फार नाही. बाकासमोर खाली बसून बसून माझे गुडघे गेले. पापाजी गल्ल्यावरून नुसते बघत असतात — कोण डोळे मिटतं, कोण काय सांगतं. एकदा मला वाटलं काहीतरी विचारणार आहेत. म्हणाले, "पंखा लावू का, बेटा?"

१ मे

सुट्टी, दुकान बंद. दुपारी मम्मीजी झोपल्यावर पापाजी बैठकीत आले, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले, स्वतःच मोजे काढले. डोळे मिटले. मी खाली बसले.

जरा वेळाने म्हणाले, "कर ना बेटा सुरू. किती वेळ डोळे मिटून बसू?"

दहाही बोटांना हात लावून झाला होता.